हिशेब कोणाच्या नावावर?



सप्टेंबर महिना उजाडला की आपल्या उपनगरांतील ख्रिस्ती घरांना मोत माउलीचे वेध लागतात. नोव्हेना सुरू होतो, वांद्र्याच्या डोंगरावर जाणाऱ्या बसगाड्या भरून वाहू लागतात, शेजारच्या हिंदू घरातली मावशीही आपल्या हाती मेणबत्तीचे पैसे देते. ८ तारखेला मरियामातेचा जन्मदिन. त्याच रात्री, येथून हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावरही अशीच एक यात्रा निघते. रात्रभर चालत लोक सेंट-क्रॉय येथील एका समाधीपाशी पोहोचतात. त्यांत ख्रिस्ती असतात, हिंदू असतात, मुसलमानही असतात. ती समाधी आहे धन्यवादित जाक-देझिरे लावाल या फ्रेंच धर्मगुरूंची. ९ सप्टेंबर १८६४ रोजी ते देवाघरी गेले. त्यांनी आपले आयुष्य कोणासाठी वेचले? नुकत्याच मोकळ्या झालेल्या गुलामांसाठी.

आणि योगायोग पाहा, आजच्या मिस्साबलीतील दुसरे वाचनही एका गुलामाविषयीच आहे.

संत पौलाने फिलेमोनाला लिहिलेले हे पत्र रविवारच्या उपासनेत तीन वर्षांतून एकदाच आपल्या कानी पडते. पत्र अगदी लहान, अवघ्या २५ वचनांचे. फिलेमोन हा श्रद्धावंत, घरी मंडळी जमवणारा, सुखवस्तू गृहस्थ. अनेसिम हा त्याचा गुलाम. तो धन्यापासून दुरावला आणि तुरुंगात असलेल्या पौलाकडे येऊन ख्रिस्ती झाला. पौल त्याला परत पाठवतो, पण हाती हे पत्र देऊन. तो फिलेमोनाला सांगतो, हा माझ्या काळजाचा तुकडा आहे. याला आता गुलाम म्हणून नको, त्याहून अधिक, प्रिय बंधू म्हणून घरात घे. मी आलो असतो तर जसे स्वागत केले असतेस, तसे याचे कर.

आजचे वाचन १७व्या वचनापाशी थांबते. आमची विनंती आहे की घरी गेल्यावर बायबल उघडून पुढची दोन वचने जरूर वाचा. आमच्या बायबल वाचन गटात आम्ही हे पत्र वाचले तेव्हा तेथेच बराच वेळ अडखळलो. तेथे पौल म्हणतो की अनेसिमाने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या नावावर मांड. मी ते फेडीन, आणि हे मी माझ्या हाताने लिहून देत आहे.

पौलाला ठाऊक होते की नुसते 'बंधू' म्हणून भागत नाही. कोठेतरी एक वही असते. त्या वहीत एका माणसाच्या नावापुढे देणे लिहिलेले असते आणि ते देणे फिटत नाही तोवर बंधुत्वाला काही अर्थ राहत नाही. म्हणून पौल आधी वही मागतो. आज आपण मॉरिशसची गोष्ट या एका वहीच्या दृष्टीने पाहू या.

हे बेट मुळात निर्मनुष्य होते. १५९८ मध्ये डच तेथे उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव बेटाला दिले. १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली, जावाहून ऊस आणला आणि मादागास्करहून गुलाम आणले. १७१० मध्ये डच गेले, १७१५ मध्ये फ्रेंच आले. पोर्ट लुई हे बंदर, तेथील रस्ते, गोदामे, किल्ले, सारे उभे राहिले ते मोझांबिक आणि मादागास्करहून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांच्या श्रमावर. त्यांत आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून विकत नेलेली माणसेही होती.

१७२३ मध्ये फ्रान्सच्या राजाने या बेटांसाठी 'कोड न्वार', म्हणजे काळ्या माणसांसाठीचा कायदा, लागू केला. हा कायदा ऐकताना आपण ख्रिस्ती माणसांनी मान खाली घालावी. त्याच्या आरंभीच हुकूम आहे की प्रत्येक गुलामाला कॅथोलिक धर्माचे शिक्षण द्यावे आणि त्याचा स्नानसंस्कार करावा. पुढे तोच कायदा सांगतो की गुलाम ही धन्याची जंगम मालमत्ता आहे. महिनाभर पळून गेला तर कान कापावेत आणि खांद्यावर डाग द्यावा. पुन्हा पळाला तर पायाची शीर तोडावी. तिसऱ्यांदा पळाला तर मृत्युदंड. ज्या कपाळावर पवित्र पाणी ओतले, त्याच देहावर तापलेली सळई ठेवली. आणि दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या.

बंधू-भगिनींनो, हे दूरच्या बेटाचे पाप म्हणून आपण सुटू शकत नाही. आपण राहतो ती साष्टीही एक बेटच. १५३४ च्या तहाने ती पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. अंधेरीला सीप्झमध्ये संत योहान बाप्तिस्ताच्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत, बोरिवलीला मंडपेश्वरची गुंफा आणि तिच्या माथ्यावरील मठाचे अवशेष आहेत. त्याच काळात आपल्या पूर्वजांना श्रद्धेचे दान मिळाले, त्याबद्दल आपण देवाचे आभार मानतो. परंतु त्याच काळात, त्याच पोर्तुगीज घराण्यांच्या वाड्यांतून आफ्रिकेहून आणलेले गुलाम राबत होते. ते रविवारी मिस्साला येत आणि मिस्सा संपल्यावर पुन्हा कोणाचे तरी सामान होत.

ख्रिस्तसभेनेही या बाबतीत फार उशीर केला. १४५२ मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला परधर्मीयांना कायमचे दास करण्याची मुभा दिली. १५३७ मध्ये पोप पॉल तिसरे यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करू नये असे बजावले, पण ते फारसे कोणी ऐकले नाही. गुलामांच्या व्यापाराचा सडेतोड निषेध पोप ग्रेगरी सोळावे यांनी केला तो ३ डिसेंबर १८३९ रोजी. तोवर मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपून चार वर्षे झाली होती. पुढे २२ फेब्रुवारी १९९२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे सेनेगलच्या गोरे बेटावर गेले. तेथून गुलामांची जहाजे सुटत. तेथे उभे राहून त्यांनी ख्रिस्ती माणसांनी केलेल्या या पापाबद्दल क्षमा मागितली. चूक कबूल करणे हे पापनिवेदनाचे पहिले पाऊल आहे. ते पोपना लाजिरवाणे वाटले नाही, तर आपल्याला का वाटावे?

आता पुन्हा वहीकडे वळू. १८१० मध्ये इंग्रजांनी मॉरिशस जिंकले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील सुमारे ६६,००० गुलाम कायद्याने मुक्त झाले. त्या वेळी नुकसानभरपाई दिली गेली. कोणाला? आपल्याला वाटेल, ज्यांची आयुष्ये लुटली गेली त्यांना. तसे झाले नाही. ब्रिटिश सरकारने आपल्या साऱ्या वसाहतींतील गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड मंजूर केले. त्यांतील वीस लाखांहून अधिक पौंड मॉरिशसच्या मालकांच्या वाट्याला आले. त्यासाठी काढलेले कर्ज ब्रिटनच्या तिजोरीने फेडून संपवले ते थेट २०१५ मध्ये. गुलामांना मात्र एक पैसाही मिळाला नाही. उलट 'उमेदवार कामगार' असे नवे नाव देऊन त्यांना १८३९ पर्यंत जुन्याच धन्याकडे राबवले. नाव बदलले, वही तीच राहिली.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न नावाचा उभ्या कड्यांचा डोंगर आहे. पळालेले गुलाम तेथे लपून राहत. तेथील लोक पिढ्यान्पिढ्या एक कथा सांगतात. मुक्तीची बातमी द्यायला शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा आपल्याला पकडायलाच आले असे समजून त्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ज्याने आयुष्यभर गणवेशातल्या माणसाकडून फक्त चाबूक पाहिला, त्याला गणवेशातल्या माणसाने आणलेली शुभवार्ता तरी कशी कळावी? २००८ मध्ये युनेस्कोने या डोंगराला जागतिक वारसास्थळ म्हणून मान दिला.

अशा बेटावर १४ सप्टेंबर १८४१ रोजी, पवित्र क्रुसाच्या सणाच्या दिवशी, फादर लावाल उतरले. ते मूळचे डॉक्टर. नॉर्मंडीत वैद्यकी करीत असताना सर्व सोडून धर्मगुरू झाले. बेटावर गोऱ्या मळेवाल्यांची पंगत त्यांच्यासाठी मांडलेलीच होती. तेथे न बसता ते मुक्त गुलामांच्या वस्तीकडे वळले. लहानशा खोपटात राहू लागले. गुलामांची क्रिओल बोली शिकले आणि त्याच बोलीत सोपी धर्मशिक्षणाची पोथी लिहिली. दिवसभर राबून आलेल्यांसाठी रात्री वर्ग घेतले. मळेवाल्यांनी टर उडवली, अडथळे आणले. ते डगमगले नाहीत. हळूहळू त्याच लोकांतून, पुरुषांतून आणि स्त्रियांतूनही, त्यांनी धर्मशिक्षक तयार केले. काल ज्यांना मालमत्ता म्हणत होते, ते आज इतरांना देवाचे नाव शिकवू लागले. १८५४ मध्ये कॉलरा आला तेव्हा याच माणसांनी रुग्णांची सेवा केली. २९ एप्रिल १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी फादर लावाल यांना धन्यवादित घोषित केले. ९ सप्टेंबर २०१९ रोजी, त्यांच्या सणाच्याच दिवशी, पोप फ्रान्सिस पोर्ट लुईला गेले आणि त्यांनी तेथे मिस्साबली अर्पण केला.

फादर लावालनी कायदा बदलला नाही, मळे विकत घेतले नाहीत. पौलाने अनेसिमासाठी केले तेच त्यांनी केले. आधी वहीत खोडलेले नाव माणसाचे नाव म्हणून पुन्हा उच्चारले.

पण मळेवाल्यांच्या उसाला तर हात हवेच होते. ते कोठून आले? येथे आपल्याच माणसांची कथा सुरू होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले. मुक्तीचा दिवस उजाडण्याआधीच बदली माणसे धक्क्यावर हजर होती! पुढे १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर त्या बेटावर गेले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, आणि काही हजार आपल्या मुंबई बंदरातून. त्यांत रत्नागिरीकडचे, कोकणातले आणि घाटावरचे मराठी शेतमजूर होते. दुष्काळ, सावकार आणि घरची उपासमार यांना कंटाळून ते जहाजावर चढले. कराराच्या कागदावर अंगठा उठवला. इंग्रजी 'ॲग्रीमेंट'चे तोंडी झाले 'गिरमिट'.

गिरमिटात काय होते? पाच वर्षांचे बंधन, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामाला आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी पडला तरी तेच. मुदत संपल्यावरही पास आणि छायाचित्र जवळ बाळगल्याशिवाय रस्त्यावर फिरता येत नसे. पास दाखवता आला नाही तर भटक्या ठरवून तुरुंग. पोर्ट लुईच्या बंदरात आजही आप्रवासी घाटाच्या १६ दगडी पायऱ्या दाखवतात. त्या चढून हे लोक नव्या देशात शिरले. युनेस्कोने तेही स्थळ २००६ मध्ये जागतिक वारशात घेतले. १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी आपली गाऱ्हाणी मांडणारा अर्ज केला. आदोल्फ द प्लेव्हित्झ या एका गोऱ्या माणसाने तो त्यांना लिहून दिला, म्हणून त्याच्याच समाजाने त्याला वैरी ठरवले. परंतु त्या अर्जामुळे ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

त्या मराठी मजुरांचे वंशज आज तेथे मानाने राहतात, मराठी शिकतात, गणपती बसवतात, कोकणातली जाखडी 'झाकरी' म्हणून नाचतात. मॉरिशसमध्ये दोन दिवस राष्ट्रीय सुट्टी असते. १ फेब्रुवारी, गुलामांच्या मुक्तीचा दिवस. २ नोव्हेंबर, मजुरांच्या आगमनाचा दिवस. दोन्ही दुःखे त्या देशाने एकमेकांशेजारी मांडली. एकाची जखम मोठी की दुसऱ्याची, असा वाद न घालता दोघांची आठवण ठेवली. यात आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

कोणी म्हणेल, हे सारे समुद्रापलीकडचे आणि जुने. मग आपल्याच पश्चिम रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनाकडे चला. डहाणू, तलासरी, उंबरगावच्या वारली पाड्यांत 'लग्नगडी' नावाची रीत होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी राबायचे. वही सावकाराच्या हाती, त्यामुळे ते कधी फिटतच नसत. बापाचे देणे मुलाच्या माथी येई. लग्नाच्या मांडवातूनच माणूस गुलामीत जाई. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत वारली उभे राहिले आणि त्यांनी ही रीत मोडली. १९७६ मध्ये देशभर वेठबिगारी रद्द करणारा कायदा झाला. त्या कायद्यातील एक तरतूद आम्हांला पौलाच्या पत्राची आठवण करून देते. तिने मजूर नुसता मोकळा केला नाही, त्याचे कर्जही रद्द केले. म्हणजे वहीच फाडून टाकली. तरीही १९८२ नंतर वसई-भिवंडी भागात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला वेठबिगार शोधून सोडवावे लागले. कायदा होता, पण पाड्यावर जाऊन तो सांगायला कोणीतरी लागत होते.

आता सर्वांत अवघड गोष्ट. ती आम्ही इतरांवर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही, स्वतःच्या पापनिवेदनासाठी लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आपल्या चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला शेवटच्या बाकावर एक मुलगी बसत असे. झारखंडची, आदिवासी, आपल्यासारखीच कॅथोलिक. मांडीवर मालकिणीचे बाळ. गाणी तिला हिंदीतली येत, मराठी येत नसत, तरी ओठ हलवी. आमच्यापैकी एकीने विचारले, "गावी कधी जाणार, बाळ?" ती म्हणाली, "उचल फिटली की." घरी बापाच्या आजारपणासाठी पैसे दिले होते, ते तिच्या पगारातून वळते होत होते. किती उरले, ते तिला ठाऊक नव्हते. तिचे आधार कार्डही मालकांकडेच होते, हरवू नये म्हणून.

ते घर आपल्याच धर्मग्रामातले. आम्ही त्या घरी जेवलो होतो. तिनेच वाढले होते. आम्ही उठलो तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली बसून वेगळ्या ताटलीत जेवत होती. आम्ही ते पाहिले. कोणीच काही बोललो नाही. घर चांगले होते, माणसे प्रेमळ होती, तिला मारत नव्हती, "आम्ही तिला मुलीसारखी वागवतो" असे म्हणत. सकाळी एकाच रांगेत उभे राहून एकच ख्रिस्तशरीर आम्ही सर्वांनी स्वीकारले होते, आणि दुपारी ताटल्या वेगळ्या होत्या. पुढे एका रविवारी बाक रिकामा दिसला. चौकशी केली तेव्हा कळले की ती गेली. कोठे, कशी, हिशेब मिटवून की तसाच ठेवून, हे विचारायला आम्ही उशीर केला होता. तिच्या गावाचे नावही आम्ही कधी विचारले नव्हते.

फिलेमोनही वाईट माणूस नव्हता. पौल त्याच्या प्रेमाची तोंडभरून स्तुती करतो. चांगल्या माणसांच्या घरातही वही असू शकते, म्हणूनच हे पत्र चांगल्या माणसाला लिहिले गेले.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्याचे उदाहरण देतो. बांधायला घेण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, असे तो सांगतो. शिष्य होण्याची किंमत असते. ती आज रात्री जेवणानंतर घरच्यांनी मिळून मोजावी, अशी आमची नम्र विनंती आहे. मोठे काही नको. घरकाम करणारी, स्वयंपाकाची, आजीला सांभाळणारी, बाळाला फिरवणारी जी कोणी आपल्याकडे येते किंवा राहते, तिचा विचार करू या.

तिला आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी आहे का? रविवारी मिस्साला, किंवा तिच्या देवळात, ती स्वतःसाठी जाते की आपले मूल सांभाळायला? पगार ठरलेल्या तारखेला तिच्याच हाती किंवा तिच्याच खात्यात जातो का? तिची कागदपत्रे तिच्याकडे आहेत का? तिने घेतलेली उचल किती फिटली, किती उरली, हे तिला लिहून दिले आहे का? आणि ते उरलेले देणे आपल्याला खरेच वसूल करायलाच हवे का? राज्य शासनाने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तिची नोंदणी करण्यात आपण एक सकाळ तिच्यासोबत घालवू शकतो. याच मुंबईत १९८५ मध्ये सिस्टर जीन देव्होस यांनी घरकामगारांची चळवळ उभी केली, तेव्हा त्यांनीही अशाच एकेका स्वयंपाकघराच्या दारापासून सुरुवात केली.

आणि ताटली. तीही आज रात्री एकच करू या.

काही घरांत हे करताना पैशाचा तोटा होईल. पौलाने तो तोटा आपल्या नावावर घेतला, तुरुंगात बसून, खिशात काही नसताना. आणि त्याच्याही आधी एकाने आपल्या साऱ्यांचे देणे क्रुसावर आपल्या नावावर मांडून घेतले. आपण ज्या वहीतून सुटलो, तशी वही दुसऱ्याच्या नावाने आपल्या घरात ठेवणे आपल्याला शोभत नाही.

प्रार्थना करू या: हे प्रभो, दूरच्या बेटांवर आणि आमच्याच साष्टीत ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांना तू नावानिशी ओळखतोस. ज्यांना आम्ही पाहिले आणि विचारले नाही, त्यांच्याबद्दल आम्हांला क्षमा कर. धन्यवादित लावाल यांच्याप्रमाणे आम्हांला शेवटच्या बाकाकडे वळायला शिकव. आमच्या दारी आलेल्या अनेसिमाला गुलाम म्हणून नव्हे, बंधू म्हणून, भगिनी म्हणून घरात घेण्याचे बळ आम्हांला दे. मोत माउली, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.